मळवलीची हिवाळी पदभ्रमंती: आधी कार्ला, मग इंद्रायणी, शेवटी भाजे

गड न चढता सह्याद्री बघायचा असेल, तर पुणेकरांच्या हाताशी इंद्रायणीच्या वरच्या खोऱ्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. लोकलने मळवलीला उतरायचं. उत्तरेला कार्ल्याची लेणी, दक्षिणेला भाज्याची, आणि दोन्हींच्या मधून नदी. एकूण चाल बारा ते चौदा किलोमीटर. खोऱ्याचा तळ समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, म्हणजे पुण्यापेक्षा थोडासाच उंच. दोन्ही लेण्यांपर्यंतचा चढ प्रत्येकी शंभर-सव्वाशे मीटरचा, तोही पायऱ्यांचा. बाकी सगळं सपाट. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत या वाटेला पाचपैकी चार गुण नक्की द्यावेत. पाचवा का कापला ते पुढे येईलच. मात्र हे चार गुण मिळतात ते वाट योग्य क्रमाने चालली तरच.

बहुतेक जण आधी भाज्याला जातात, कारण ते स्टेशनपासून जवळ पडतं. मग अकराच्या सुमारास निघून, उन्हातून डांबरी रस्ता तुडवत, ऐन गर्दीच्या वेळी कार्ल्याला पोचतात. तिथे एकवीरा आईच्या दर्शनाची रांग, पायऱ्यांवर खेटाखेट, लेण्यात कोलाहल. दमून परत फिरताना नदीकडे कोणी वळूनही बघत नाही. या वाटेबद्दल ‘नुसता रस्ताच आहे हो’ असं जे ऐकू येतं, ते बहुतेक वेळा या क्रमामुळे. क्रम उलटा करा: सकाळी कार्ला, दुपारी नदी, तिसऱ्या प्रहरी भाजे. दोन्ही लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. भाज्याच्या पाठीशी विसापूरचा डोंगर असल्यामुळे तिथे सकाळभर सावली असते आणि दुपार कलली की ऊन आत येतं. कार्ल्यालाही प्रकाशाचं गणित तेच आहे, पण तिथे गर्दी टाळणं प्रकाशापेक्षा जास्त महत्त्वाचं. आणि सकाळच्या मऊ, पसरट उजेडात दर्शनी भागावरची शिल्पं नीट दिसतात, डोळ्यांवर तिरीप येत नाही.

लोकलचं आधी बघून ठेवा, कारण या सहलीत सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. पुणे-लोणावळा लोकल मळवलीला थांबते, लांब पल्ल्याच्या गाड्यांवर मात्र अवलंबून राहू नका. पुणे स्टेशनपासून सव्वा तासाच्या आत मळवली येतं आणि तिकीट वीस रुपयांच्या आत बसतं. पहाटेची गाडी अशी निवडा की साडेसात ते आठच्या दरम्यान उतरता येईल. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे त्याआधी पोचून काही उपयोग नाही. खरी मेख परतीत आहे. दुपारी लोकलच्या फेऱ्यांमध्ये कित्येक तासांचा खंड असतो, आणि ज्यांचा बेत एक-दोन वाजता संपतो ते फलाटावर ताटकळत बसतात. भाजे शेवटी ठेवण्याचं हेही एक कारण. लेणं बघून खाली येईपर्यंत तो खंड संपलेला असतो. वेळापत्रक निघायच्या आदल्या दिवशीच बघा, आणि रविवारचं वेगळं बघा. परतीचं तिकीट सकाळीच काढलं की छोट्या स्टेशनवरच्या खिडकीपाशी संध्याकाळी थांबावं लागत नाही.

स्टेशनमधून उत्तरेकडे बाहेर पडा. गावातून जाणारा रस्ता इंद्रायणीवरच्या पुलावरून कार्ला फाट्याला जुन्या मुंबई-पुणे महामार्गाला लागतो. सकाळी या टप्प्यात खोऱ्यात धुकं असण्याची चांगली शक्यता असते. रात्री डोंगरउतारावरची थंड, जड हवा खाली सरकते आणि तळाशी साचते, त्यामुळे पहाटे नदीकाठ आसपासच्या टेकड्यांपेक्षाही गार असतो. पुलावर थांबून बघा, पण नदीकाठी आत्ता उतरू नका. दव इतकं असतं की बांधावरच्या गवताने बूट दहा मिनिटांत ओले होतात आणि मग दिवसभर ओलेच राहतात.

फाट्यावरचा महामार्ग ओलांडताना घाई करू नका. जड गाड्या एक्स्प्रेसवेवर गेल्या असल्या, तरी इथे वाहनं वेगातच येतात आणि धुक्यात अंदाज चुकतो. पलीकडे वेहेरगावचा रस्ता. चढाचा अर्धाअधिक भाग गाडीरस्त्याने होतो, वाहनतळाच्या पुढे पायऱ्या. दोन्ही बाजूंना हार-फुलं, ओटीचं सामान, पेढे यांची दुकानं आहेत. पायऱ्या रुंद आहेत, पण वर्षानुवर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झाल्या आहेत. चढताना कळत नाही, उतरताना सपाट तळाचा बूट हमखास घसरतो. गुडघे दुखणाऱ्यांनी एक काठी जवळ ठेवावी. स्टेशनपासून लेण्यापर्यंत साधारण पाच किलोमीटर होतात, रमतगमत दीड तास.

लेण्यांना पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे: रोख २५ रुपये, ऑनलाइन २०, पंधरा वर्षांखालच्या मुलांना माफ. भाज्यालाही तेच. मोबाइलला रेंज असताना खालीच काढून ठेवावं.

कार्ल्याचा चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह, हा भारतातला सगळ्यात मोठा कोरीव चैत्य, सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच. आत शिरण्याआधी बाहेर पंधरा मिनिटं द्या. डावीकडे सिंहस्तंभ आहे, समोर एकवीरेचं देऊळ. व्हरांड्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींतून अर्धे बाहेर आलेले हत्ती जणू सगळी इमारत पाठीवर पेलून उभे आहेत, आणि दारांच्या मधल्या जागेत मिथुनशिल्पं. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर पुढे जाऊ नका. मग खांब बघा. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, त्यांच्या माथ्यावर हत्तींवर बसलेल्या जोड्या. स्तूपामागचे सात मात्र साधे, अष्टकोनी. छताच्या कमानदार फासळ्या लाकडी आहेत, स्तूपावरची छत्रीही लाकडाची. दोन हजार वर्षांचं लाकूड डोक्यावर आहे हे कोणी सांगितलं नाही तर लक्षातही येत नाही. खांबांवरचे ब्राह्मी लेख दात्यांचे आहेत. धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिलेल्या खांबांचा त्यात उल्लेख आहे, आणि वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीने, म्हणजे मोठ्या व्यापाऱ्याने, हे ‘जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह’ पूर्णत्वाला नेल्याचं कोरलेलं आहे. हे लेणं इथे का, याचं उत्तर त्या देणगीदारांतच आहे. बोरघाटातून कोकणच्या बंदरांकडे जाणारा व्यापारी रस्ता याच खोऱ्यातून जात होता.

साडेदहापर्यंत लेणं सोडायचं असं धरून चला. रविवार, सुट्टीचे दिवस आणि देवीचे उत्सव पूर्णपणे टाळा. आठवड्यातला साधा दिवस मिळत असेल तर तोच घ्या. उतरण्यापूर्वी कठड्याशी उभं राहून दक्षिणेला बघा. समोरच्या बाजूला उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. लोहगड १०३३ मीटर, विसापूर १०८४ मीटर, आणि दोन्हींच्या मधली गायमुख खिंड इथून स्पष्ट ओळखता येते. विसापूरच्या पायथ्याशी भाजे. दुपारनंतर कुठे पोचायचं आहे, ते इथून डोळ्यांनी मोजून घ्या.

खाण्याची सोय वेहेरगावात आणि फाट्याच्या आसपास बऱ्यापैकी आहे. पायऱ्यांवर लिंबू सरबत, काकडी, उकडलेल्या शेंगा मिळतात. जेवणाचा बेत असेल तर पिठलं-भाकरी किंवा झुणका-भाकरी आधी सांगून ठेवावी. आयत्या वेळी ताटात येतो तो प्रत्येक पर्यटनस्थळी मिळणारा पनीरचा रस्सा. महामार्गालगत पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे. स्वच्छतागृहाचा प्रश्न, विशेषतः बायकांसाठी, फाट्याच्या आसपासच सोडवून घ्या. पुढे नदीकाठी काही नाही.

आता नदी. या वाटेचा आत्मा इथे आहे आणि लोक नेमका हाच भाग गाळतात. साडेअकरापासून दोनपर्यंतचा वेळ फक्त इथे द्या. परत पुलापाशी या आणि काठच्या शेतांतून जाणाऱ्या पायवाटांनी एखादा किलोमीटर जाऊन या. कोणत्या बाजूने जायचं ते जवळच्या शेतात दिसेल त्या माणसाला विचारून ठरवा. दरवर्षी एखादं कुंपण नवं येतं आणि मोबाइलच्या नकाशावरची वाट तारेशी जाऊन संपते. बंगल्यांचे प्लॉट वाढल्यापासून खोऱ्यातल्या जुन्या गाडीवाटा अशाच तुटत चालल्या आहेत, ही या भागाची मोठी खंत. ‘काका, नदीकडे जाऊ का बांधावरून?’ एवढं विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत.

बांधावरून चालायची एक रीत आहे. एकामागे एक चालायचं, वाफ्यात पाय टाकायचा नाही. भात ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतं आणि खाचरं मोकळी दिसतात, म्हणून लोक खुशाल मधून जातात. पण त्या मोकळ्या दिसणाऱ्या खाचरांत उरलेल्या ओलीवर हरभरा, वाल, मसूर पेरलेला असतो, डिसेंबरात तो जेमतेम वीतभर असतो आणि भाताच्या धसकटांत पटकन दिसत नाही. पन्नास जणांची एक रांग मधून गेली की त्या पट्ट्यात काही उरत नाही. बांध फोडून पाणी घेतलेलं असेल तर उडी मारू नका, कड ढासळते, वळसा घ्या.

हिवाळ्यात इंद्रायणीचं पाणी उतरलेलं असतं आणि पात्रातला काळा बसाल्ट उघडा पडतो. खडकाच्या भेगांत अडकलेले गोटे पाण्याच्या भोवऱ्यात फिरून फिरून खड्डे कोरतात. त्यातून रांजणखळगे तयार होतात. बघायला सुंदर, पण पाण्याखाली गेलेला खळगा वरून कळत नाही. गुडघाभर पाण्यात पुढचं पाऊल थेट डोहात पडू शकतं. त्यामुळे पात्रात उतरून नदी ओलांडणं या वाटेत अजिबात बसत नाही, पाणी कितीही कमी दिसलं तरी. दगडांवरचं शेवाळ वरून वाळून तपकिरी झालेलं असतं, पाय पडला की खालचा ओला थर सुटतो. जुन्या, गंजलेल्या साकवांवर गटाने उभं राहून फोटो काढणंही नको. याच नदीवर खाली तळेगावजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. ओलांडायचं ते रस्त्याच्या पुलावरूनच. पाणी पिण्याजोगं नाही, वर लोणावळ्यासारखी मोठी वस्ती आहे. प्रत्येकी दोन लिटर पाणी घरूनच न्या.

काठावर बसायला उंबराची किंवा करंजाची सावली मिळते. अर्धा तास न बोलता बसलात, तर पक्षी जवळ येतात. शेपटी वरखाली नाचवत दगडांवरून पळणारे धोबी, ओल्या कडेला तुतवार, तारेवर किंवा वाळक्या काटकीवर गप्पीदास हे हिवाळी पाहुणे. खंड्या, ढोकरी आणि वेडा राघू वर्षभराचे. कापशी घार खाचरांवर एका जागी पंख फडफडवत थांबते आणि सरळ खाली येते. दुर्बीण आठ बाय चाळीसची पुरते, त्याहून जड नेऊन मान दुखते. जानेवारीच्या अखेरीस गेलात तर काटेसावर फुललेली दिसेल; पळसासाठी आणखी थांबावं लागतं, आणि तोवर ऊन चटकायला लागतं.

पाचवा गुण कापला तो आवाजासाठी. लोहमार्ग, जुना महामार्ग आणि एक्स्प्रेसवे हे तिन्ही याच अरुंद खोऱ्यातून गेले आहेत. खंडाळा-पुणे रेल्वे १८५८ सालापासून इथून धावते आणि त्या आवाजाचं कोणाला काही वाटत नाही, गाडी येते आणि जाते. एक्स्प्रेसवेची घरघर मात्र थांबत नाही. पहाटे ती जास्तच जाणवते, कारण खाली गार आणि वर ऊबदार हवा असली की आवाज वर निसटून न जाता जमिनीकडे वळतो आणि दूरवर पोचतो. दहानंतर हवा तापली की फरक पडतो. नदीपात्र खोलगट आहे तिथे काठाच्या खाली बसलात तर घरघर बरीच कमी होते, म्हणून बसायची जागा शोधताना नुसती सावली बघू नका, कान देऊनही बघा. रानातली शांतता हवी असेल, तर मात्र ही वाट तुमची नाही. तुम्ही शेजारच्या पवन मावळात किंवा नाणे मावळात आत जा, एसटीचा किंवा गाडीचा खटाटोप करून.

पायांत काय घालायचं याबद्दल नेटवर पुष्कळ सल्ले मिळतात, पण त्यातले बरेचसे पावसाळी ट्रेकचे असतात. हिवाळ्यातला त्रास वेगळा असतो. पहिला म्हणजे कुसळं. वाळलेल्या गवताची अणकुचीदार बोंडं मोज्यांत शिरतात आणि चालताना आत आत सरकत जातात, कारण त्यांच्यावरचे केस एकाच दिशेला असतात. जाळीदार कापडाचे धावण्याचे बूट आणि लोकरी मोजे ही जोडी इथे सगळ्यात वाईट. गुळगुळीत कापडाची पूर्ण लांबीची विजार मोज्यांवरून खाली ओढून घ्या, कॉटनची ट्रॅकपँट नको. दुसरा त्रास सुटा मुरूम. भाज्याच्या आसपासच्या उतारांवर बारीक खडी गोट्यांसारखी पायाखाली फिरते. चार-पाच मिलिमीटर खोल खाचांचा रबरी तळ पुरेसा आहे. घोट्यापर्यंतचे जड बूट या वाटेला लागत नाहीत, उलट डांबरावर तापतात. पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी तीस, असा फरक एकाच दिवसात पडतो. त्यामुळे एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा दोन पातळ थर न्या, साडेनऊला वरचा पिशवीत जातो. टोपी आणि ओठांना लावायला काहीतरी; कोरडी हवा ओठ फोडते.

दोनच्या सुमारास नदी सोडून स्टेशनवरून दक्षिणेला या. एक्स्प्रेसवे ओलांडायला पूल आहे आणि तोच वापरायचा. पुढे भाजे गाव, आणि गावाच्या वर पायऱ्यांनी वीस-पंचवीस मिनिटांत लेणी. पावसाळ्यात इथल्या धबधब्यापायी तोबा गर्दी असते. हिवाळ्यात पाणी नाही, म्हणून माणसंही नाहीत. एकूण २२ लेणी, काळ इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासूनचा, म्हणजे कार्ल्याच्या चैत्याच्या आधीचा. मोठं नंतर बघितलं तर भाजे लहान वाटून विसरलं जातं. कार्ल्याहून इथे आलात की मात्र बारकावे दिसू लागतात. चैत्याचे खांब आतल्या बाजूला झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार बाहेर रेटू नये म्हणून खांब तसे रोवावे लागतात; दगडात त्याची काही गरज नव्हती, पण कारागिरांचा हात सुतारकामाला सरावलेला होता. दर्शनी भाग पूर्वी लाकडाचा होता, आता नाही. तो जिथे बसवला होता त्या खोबणी खडकात दिसतात. आणि पुढचा पडदा गेल्यामुळे तिसऱ्या प्रहरी ऊन थेट आत शिरतं.

जवळच चौदा स्तूपांचा समूह आहे, काही खडकाच्या आत, काही उघड्यावर. तिथून पुढे, दक्षिण टोकाच्या विहारात, म्हणजे भिक्खूंच्या निवासाच्या लेण्यात, दाराच्या दोन्ही बाजूंची शिल्पं चुकवू नका: रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दार लहान असल्याने उजेड कमी पडतो, साडेतीनच्या पुढे गेलात तर चांगलं. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला तर उठाव दिसतो, सरळ धरला तर शिल्प सपाट होतं.

आग्या मोहोळ कड्यांना लटकलेलं असू शकतं. खाली उभं राहून आरडाओरड, धूर, उग्र अत्तर यातलं काहीही नको. माश्या उठल्याच तर हात न उडवता चेहरा झाकून तिथून दूर निघा, वाटेल तेवढं दूर. वाळलेल्या गवतात काडी किंवा विडी टाकणं म्हणजे वणव्याला आमंत्रण, तेव्हा उघड्यावर चहा उकळण्याची हौस घरीच ठेवा; थर्मास न्या.

पैसे घेऊन नेणाऱ्या गटाबरोबर जावं का? वाट शोधण्यासाठी तरी गरज नाही. पैसे द्यायचेच तर लेणी वाचून दाखवणाऱ्या माणसासाठी द्या. नोंदणीआधी तीनच गोष्टी विचारा: लेण्यांची माहिती कोण देणार, एका म्होरक्यामागे किती माणसं, आणि नदीकाठी किती वेळ. पंधराहून जास्त माणसं असतील किंवा नदी कार्यक्रमात नसेलच, तर तो नुसता लोकल आणि जेवणाचा खर्च आहे, तो स्वतःही करता येतो.

डिसेंबर-जानेवारीत गेलात तर गावातून नवा इंद्रायणी तांदूळ घ्या. हा वाण याच तालुक्यातल्या वडगावच्या संशोधन केंद्रातला. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, नेहमीच्या अंदाजाने घातलं तर भात गुरगुट्या होतो. पाच किलोच्या वर घेऊ नका, स्टेशनपर्यंत तो खांद्यावरच न्यायचा आहे. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो, तेव्हा भाज्याच्या पायऱ्या पाचच्या आत उतरायला सुरुवात करावी.

अर्धाच दिवस हाताशी असेल, तर दुपारचा खंड सुरू होण्याआधीच्या गाडीने या, कार्ला सोडा, नदीकाठी तासभर काढून थेट भाज्याला जा. सहा-सात किलोमीटरच होतात आणि लहान मुलं, आजी-आजोबा सगळ्यांना झेपतात.